कविता आधी कानांत, मग फळ्यावर: वर्गात कविता आणि गटाने शोध कसा घ्यायचा

कवितेच्या तासाला आपण बहुतेक जण एकच क्रम धरतो. कवीचा परिचय, चालीवर म्हणणं, शब्दार्थ फळ्यावर, भावार्थ वहीत, शेवटी स्वाध्याय. भावार्थ वहीत उतरला की मुलांच्या लेखी कविता संपली, कारण शोधायला काही उरलेलंच नसतं. त्यानंतर आपण "आता गटात चर्चा करा" म्हणतो. चार डोकी एका वहीवर वाकतात आणि लिहिते मात्र एकच हुशार मुलगी. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत विषय निघाला की तक्रारी ठरलेल्या: मुलं बोलत नाहीत, वेळ पुरत नाही, नुसता गोंधळ होतो. माझ्या अनुभवात यातला निम्म्याहून अधिक त्रास क्रम चुकल्याने होतो, म्हणून इथे क्रमच सविस्तर लिहिते आहे.

उदाहरण देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या द्विशिक्षकी शाळेतलं आहे. पाचवी ते सातवी एकत्र, पट एकोणीस. तुमची शाळा रेवदंड्याला असो की वेंगुर्ल्याला, कविता बदलेल, शोधाची जागा बदलेल, टप्पे हेच राहतील. सगळं मिळून सहा तासिका लागतात, त्या साधारण दोन आठवड्यांत पसरायच्या. एका दिवसात उरकायला गेलात तर पाचवा टप्पा गळतो, आणि जीव तर त्यातच आहे.

तयारी: आदल्या आठवड्यात

कविता निवडताना एकच कसोटी लावा: हिच्यातली एखादी तरी गोष्ट मुलांना गावात जाऊन बघता, मोजता किंवा कुणाला विचारता येईल का? पाठ्यपुस्तकातली कविता या कसोटीला उतरत असेल तर तीच घ्या. नसेल तर आठ-दहा ओळींची दुसरी घ्या किंवा स्वतः लिहा. मी वर्गासाठी या आठ ओळी लिहिल्या. पुढचं सगळं यांच्याच आधाराने सांगते:

आजा बोटांवर तिथी मोजतो,
पाणी पायरीवर वाट पाहतं.
पंचमीचं पाणी उशिरा येतं,
अष्टमीचं पाणी मधेच राहतं.
होडी विचारते, जाऊ का आता?
आजा म्हणतो, थांब गं बाई.
चंद्र अजून निजून आहे,
त्याला उठवायची कशाला घाई?

कविता ठरली की चार कामं करा.

पहिलं, ती मोठ्याने दहा वेळा वाचा, घरी, एकट्याने. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, हे पेन्सिलीने खुणावून ठेवा. "थांब गं बाई" नंतर मी मनात दोन मोजते. तो थांबा नसेल तर होडी आणि आजा एकाच आवाजात बोलल्यासारखे वाटतात.

दुसरं, शोधाची बाजू स्वतः आधी समजून घ्या. इथला शोध भरतीच्या वेळेचा आहे. खाडीकाठची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ धरतात. शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथी एकपासून मोजायची. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी, म्हणून रोजची वेळ सरासरी 50 मिनिटांनी पुढे सरकते. यातून एक सोय लक्षात येते: अमावस्या किंवा पौर्णिमा झाल्यावरच्या चार-पाच दिवसांत भरती शाळेच्या वेळेत येते. उपक्रम त्याच दिवसांत लावायचा. मी पहिल्या वर्षी कॅलेंडर न बघता दशमीला मुलांना जेटीवर नेलं. साडेसात हा हिशोब मुलांच्याही आधी मला यायला हवा होता. भरती सकाळी होऊन गेलेली, संध्याकाळची यायला अवकाश, आणि मुलं दुपारभर चिखल बघत उभी.

तिसरं, गावातली दोन-तीन माणसं आधी ठरवा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते तेव्हा तांडेल (होडीचे म्होरके), खलाशी घरी असतात, जाळी विणत बसलेले असतात आणि बोलायला त्यांना सवड असते. मुलाखतीचा शोध तेव्हा घ्या. पाण्याजवळचा शोध मात्र पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतरच.

चौथं, मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी कळवा. खाडीवर न्यायचं तर सोबत दोन मोठी माणसं हवीत, त्यांतलं एक पाण्याची सवय असलेलं.

तपासा: कवितेचा भावार्थ तुम्ही टाचणात लिहून ठेवला असेल तर ते पान या दोन आठवड्यांत उघडू नका. समोर असलं की तोंडातून बाहेर पडतंच.

टप्पा 1: तीनदा ऐकणं

वह्या, पुस्तकं बंद. कविता फळ्यावर लिहायची नाही. पहिल्यांदा तुम्ही वाचा, मुलांनी नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा डोळे मिटून. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येकाने आपल्याला आवडलेला किंवा खटकलेला एक शब्द मनात धरून ठेवायचा. मग ओळीने तेवढा एकच शब्द म्हणायचा. कारण विचारायचं नाही.

आमच्याकडे एकोणीसांपैकी सहा जणांनी "निजून" म्हटलं. चौघांनी "पाऊणपट" म्हटलं, तो शब्द तर कवितेत नाहीच! घरी आजोबांकडून ऐकलेला हिशोब "तिथी" ऐकताच त्यांच्या डोक्यात आला होता. मी चूक दुरुस्त केली नाही, शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. पुढचा सगळा शोध तिथूनच निघाला.

सावध: चाल इथे लावू नका. चाल लागली की मुलं चालीत रमतात आणि ओळ ऐकू येईनाशी होते. चालीवर म्हणायचं ते अगदी शेवटी.

टप्पा 2: न बोलता खुणा

आता कविता द्या. झेरॉक्स नसेल तर मोठ्या कार्डशीटवर ठळक लिहून भिंतीला लावा. प्रत्येकाने वहीत उतरवून घ्यायची आणि तीन खुणा करायच्या: डोळ्यांपुढे चित्र येतं तिथे गोल, कळत नाही तिथे प्रश्नचिन्ह, "आमच्याकडे असं नसतं" वाटतं तिथे फुली. सात मिनिटं, एक शब्दही न बोलता.

फुलीची खूण नवीन शिक्षकांना अनावश्यक वाटते. ती गाळू नका. कवितेशी असहमत व्हायची परवानगी मुलाला यातून मिळते. डोंगराकडच्या वाडीवरून येणाऱ्या एका मुलाने पहिल्या चार ओळींवर फुल्या मारल्या, कारण त्याच्या घरून खाडी दिसतच नाही. पुढे गटात सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच निघाले.

टप्पा 3: प्रश्न, आधी एकट्याचा, मग गटाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपण थेट गट करतो आणि प्रश्न काढायला सांगतो. मग जो पहिल्यांदा बोलतो त्याचाच प्रश्न गटाचा होतो. क्रम असा ठेवा.

आधी प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रश्न, नाव नाही. अट एकच: ज्याचं उत्तर तुला खरंच माहीत नाही असाच प्रश्न लिही. हे वाक्य दोनदा सांगा. मुलांना वर्षानुवर्षं स्वाध्यायातले प्रश्न बघायची सवय असते, त्यामुळे "आजा काय मोजतो?" असल्या चिठ्ठ्या येतातच. त्या फेकू नका, पुढच्या टप्प्यात त्यांना जागा आहे.

मग चौघांचा गट. बाकावरचे मित्र एकत्र नकोत, इयत्ताही मिसळा. कामं वाटून द्या: एक वाचणारा, एक लिहिणारा, एक वेळ बघणारा आणि एक फक्त "का?" विचारणारा. हे चौथं काम सगळ्यात अबोल मुलाला द्या, त्याला एकाच शब्दाने सुरुवात करता येते. कामं दर तासाला फिरवायची. गटाने आठ चिठ्ठ्या वाचायच्या, सारखे प्रश्न एकत्र ठेवायचे आणि त्यांतले तीन निवडायचे. निवडताना हात वर करून मतं घेऊ नका. प्रत्येकाला तीन चिंचोके द्या, ज्याला जो प्रश्न हवा त्यावर त्याने ठेवायचे.

बोलीचं काय? प्रश्न मालवणीत आला तर मालवणीतच लिहू द्या. "चंद्र निजलेलो आसताना पाणी येता कसां?" हा प्रश्न प्रमाण मराठीत आणायला लावला असता तर तो मुलगा पेन खाली ठेवून गप्प बसला असता. रत्नागिरीकडे संगमेश्वरी, किनाऱ्यालगत मुस्लिम घरांतली कोकणी, रायगडात आगरी आणि कातकरी. हाच नियम तिथेही लागू. लेखी भाषा सातव्या टप्प्यात येते, तोवर ती मध्ये आणू नका.

तपासा: गटाच्या तीन प्रश्नांपैकी निदान एक असा आहे का, ज्याचं उत्तर तुम्हालाही येत नाही? एकाही गटात असा प्रश्न नसेल तर कविता फार सोपी पडली किंवा मुलं तुम्हाला खूश करत आहेत. दुसऱ्या दिवशी हा टप्पा पुन्हा घ्या.

टप्पा 4: प्रश्नांची वर्गवारी

फळ्याचे तीन भाग करा: ओळीत, गावात, मनात.

ज्याचं उत्तर कवितेतच सापडतं तो प्रश्न "ओळीत" जातो. विचारून, बघून, मोजून कळेल तो "गावात". एकच असं उत्तर नाही, बोलूनच ज्याचा विचार करता येतो, तो "मनात". आमचा फळा असा झाला होता. ओळीत: आजा काय मोजतो? होडी काय विचारते? गावात: अष्टमीचं पाणी मधेच का राहतं? पाऊणपटीचा हिशोब आपल्या खाडीला लागतो का? चंद्र उगवलेला नसतानाही भरती येते का? मनात: होडीला घाई कसली? आजाला भीती वाटते का? चंद्राला उठवायचं म्हणजे काय?

प्रश्न कुठे जातो हे मुलांनीच ठरवायचं, तुम्ही नुसतं लिहायचं. "चंद्राला उठवायचं म्हणजे काय" वरून आमच्याकडे चांगली दहा मिनिटं वाद झाला. सातवीतली एक मुलगी म्हणत होती की तो गावात, तांडेलांना विचारूया. बाकीचे म्हणत होते मनात. शेवटी तो दोन्हीकडे लिहिला. असा वाद म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे. मुलांनी स्वतःहून कविता तिसऱ्यांदा-चौथ्यांदा वाचली ती या वादापायीच.

"ओळीत"चे प्रश्न लगेच पाच मिनिटांत संपवा. हा टप्पा लवकर उरकतो, लांबवू नका.

टप्पा 5: गावात शोध

प्रत्येक गटाला "गावात"चा एकच प्रश्न. दोन दिले तर दोन्ही अर्धवट राहतात. शोधाला निघण्याआधी गटाने चार ओळी लिहायच्या: आम्हाला काय वाटतं, कुणाला विचारणार, काय मोजणार, आणि कशावरून मानू की आम्हाला वाटलं ते चुकलं. चौथी ओळ मुलांना जड जाते. तिला वेळ द्या, कारण ती नसली तर मुलं आपल्याला वाटलं तेच सिद्ध करून परत येतात.

पाऊणपटीच्या गटाने जेटीच्या पायऱ्या मोजायचं ठरवलं. बांबू रोवून खुणा करायचं त्यांच्या मनात होतं, पण पाण्यात उतरावं लागणार म्हणून मी नको म्हटलं. पायऱ्यांचं बरं असतं. वर उभं राहून दर पंधरा मिनिटांनी कोरड्या पायऱ्या किती उरल्या ते लिहायचं. प्रतिपदा ते पंचमी पाच दिवस, रोज दोघांची पाळी. वहीत चार रकाने: तिथी, पाऊणपटीची वेळ, पाणी सगळ्यात वर आलं ती वेळ, कोरड्या पायऱ्या. तिसऱ्या दिवशी सव्वादोन वाजले तरी पाणी चढतंच होतं. "बाई, पाणी अजून भरलांच नाय!" वेळ बघायचं काम असलेली मुलगी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरून रागाने सांगत होती. पाणी थांबलं तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती.

मुलांनी निष्कर्ष काढला: आजोबांचा हिशोब खोटा. इथे शिक्षकाची खरी परीक्षा असते. उत्तर सांगून टाकायचा मोह होतो. मी एवढंच विचारलं, "पाचही दिवस फरक सारखाच आहे का?" होता, जवळपास सारखाच. मग खाडीच्या मुखाजवळच्या गावात राहणाऱ्या एका मुलाच्या मामांना फोन झाला, त्यांच्याकडे पाणी बरंच आधी भरलेलं. भरतीचं पाणी मुखातून आत चढायला वेळ घेतं, आपण आत आहोत, हे मुलांनी स्वतः जोडलं. हिशोब खोटा नव्हता, तो खाडीच्या आतल्या जागेसाठी बांधलेला नव्हता.

अष्टमीच्या प्रश्नाचा गट तांडेलांकडे गेला. उधाणाचं पाणी आणि भांगाचं पाणी हे दोन शब्द घेऊन परतला. विज्ञानाचा भाग मी इथे, त्यांनी शब्द आणल्यावरच, सांगितला: अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात ओढतात म्हणून भांग, पाणी ना धड चढतं ना धड सुकतं. चंद्र मावळलेला असतानाही भरती का येते याचं उत्तरही तिथेच मिळतं: पाण्याचा फुगवटा चंद्राच्या बाजूला येतो तसा पृथ्वीच्या उलट बाजूलाही येतो, म्हणून दिवसाला दोन भरत्या.

सावध: मुलं पायऱ्यांच्या वरच्या तीन पायऱ्यांखाली जाणार नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी खडूने रेघ मारून ठरवा. शेवाळ धरलेल्या पायरीवर मोठी माणसंही घसरतात. पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवशी वारा असेल तर जाणं रद्द. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, त्या मोजणी संपल्यावर ताडून बघायला वापरा, आधी नाही.

खाडी किंवा समुद्र नसलेल्या कोकणातल्या वाडीतही हा टप्पा होतो. विहिरीचं पाणी, काजूचा मोहोर, भाताची लावणी, सड्यावरची कातळफुलं, कवितेत जे असेल ते.

टप्पा 6: गोलात बोलणं

आता "मनात"चे प्रश्न. बाक बाजूला, सगळे जमिनीवर गोलात, शिक्षकही गोलातच. एक शंख किंवा मोठी शिंपली फिरवायची. ज्याच्या हातात ती, तोच बोलणार. बोलायला नसेल तर पुढे द्यायची मुभा. सुरुवातीला वाक्यांची तीन तोंडं भिंतीवर लावा: "मला तिचं पटतं, कारण...", "मला वेगळं वाटतं, कवितेत तर...", "आपण जेटीवर बघितलं तेव्हा...". तिसरं तोंड विसरू नका. शोध आणि कविता त्यामुळे जोडले जातात.

"होडीला घाई कसली?" याला आधी उत्तर आलं, मासे मिळवायची. मग जेटीवर पाळी केलेला एक मुलगा म्हणाला की पाणी चढायच्या आत निघालं तर होडी चिखलात टेकते, आम्ही बघितलं, म्हणून आजा अडवतो, तो घाबरट नाही. इतक्या वेळात मी एक शब्दही बोलले नव्हते. कवितेचा भावार्थ म्हणून मी जे लिहून दिलं असतं त्यापेक्षा हे नेमकं होतं.

शिक्षकासाठी एकच नियम: प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण सवयीने तीनवरच उत्तर देऊन टाकतो. आणि "शाब्बास" म्हणू नका. एकाला शाब्बासकी मिळाली की पुढचे दहा जण तेच बोलतात.

टप्पा 7: गटाची कविता

शोधात आलेली निदान एक गोष्ट ओळीत असलीच पाहिजे, ही अट. यमक ऐच्छिक. यमकाच्या मागे लागलं की मुलं खरं बघितलेलं सोडून "छान-मान" जुळवत बसतात.

साचा हवा तर गावात आहेच. आमच्या एका गटाने गाऱ्हाण्याची ठेवण घेतली, एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा:

अष्टमीचां पाणी मधीच ऱ्हवलां... व्हय म्हाराजा!
सातवी पायरी सुकीच ऱ्हवली... व्हय म्हाराजा!
कुर्ली म्हणता, माझां घर बुडलां नाय... व्हय म्हाराजा!
चंद्र झोपलो तरी पाणी इलां... व्हय म्हाराजा!
तां कसां इलां तां शोधूक होयां... व्हय म्हाराजा!

गाऱ्हाणं हे देवासमोर घालायचं असतं. त्यामुळे देवाचं नाव न घेता फक्त हाक आणि होकार ठेवा आणि वर्गातल्या सगळ्या घरांना ते चालेल का हे आधी बघा. नसेल तर ओवी घ्या, जाखडी नाचातला सवाल-जवाब घ्या. प्रमाण मराठीतलं रूप हवं असेल तर त्याच कवितेचं दुसरं रूप लिहून घ्या. दोन्ही शेजारी लावले की "इलां" आणि "आलं" यांवर व्याकरणाचा तास आपोआप होतो.

नोंदी आणि बहुवर्गाची सोय

आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीसाठी अंतिम कविता तपासत बसू नका. चिठ्ठीवरचा पहिला प्रश्न आणि गोलातलं शेवटचं बोलणं शेजारी ठेवा. नोंद अशी होते: "सुरुवातीला कवितेत उत्तर असलेला प्रश्न विचारला, चर्चेत जेटीवरचं निरीक्षण कारण म्हणून दिलं." वीस मुलांच्या नोंदी अर्ध्या तासात होतात, पण चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तरच. एका जुन्या पाकिटात गटवार ठेवा.

पहिली-दुसरीची मुलं त्याच खोलीत असतील तर त्यांना पहिल्या टप्प्यात पूर्ण सामील करा. दुसऱ्यात खुणांऐवजी चित्र, तिसऱ्यात तोंडी प्रश्न, जो मोठ्या मुलाने लिहून घ्यायचा. पाचव्यात त्यांना पाण्याजवळ न्यायचं नाही. त्यांनी घरी आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारून यायचा.

आणि फळ्यावरचे जे प्रश्न कुणीच घेतले नाहीत ते पुसू नका. एका कार्डशीटवर उतरवून दाराजवळ लावा. आमच्या शीटवर अजून "होडी बाई का?" हा प्रश्न आहे. त्याच्या खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, "मचवो बापयो आसता" (मचवा म्हणजे मोठी होडी, तो पुरुष असतो). पुढच्या महिन्यातली कविता तिथूनच निवडायची ठरली आहे.